क्लॅरिनेटमधील छिद्रांच्या जागा आणि त्रास देणारे स्वर

प्रश्न असा आहे: बी फ्लॅटमधले, १७ चाव्यांचे, बोएम पद्धतीचे लाकडी क्लॅरिनेट वापरलेले विकत घेतले आहे. त्यातला थ्रोट बी फ्लॅट (थ्रोट म्हणजे खालच्या टप्प्याच्या वरच्या टोकाचे मोजके स्वर) घोगरा आणि दबलेला वाजतो. सर्वांत खालचे ई आणि एफ ट्यूनरवर उतरलेले दिसतात, पण रजिस्टर (स्वरांचा टप्पा) बदलणारी चावी दाबून त्याच बोटांनी येणारे बी आणि सी ठीक किंवा किंचित चढे असतात. सी शार्प आणि त्याचा वरचा जोडीदार जी शार्प कोंदट वाटतात. शिवाय हार्मोनियमशी जुळवण्यासाठी बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) बाहेर ओढली की मधले स्वर आणखीच बिघडतात. कारखान्यात छिद्रे चुकीच्या जागी पडली असावीत का, आणि ती कारागिराकडून मोठी करून घ्यावीत का?

छिद्रे बहुधा जिथे असायला हवीत तिथेच आहेत, आणि ती मोठी करण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपल्या चार तक्रारींपैकी पहिल्या दोन क्लॅरिनेटच्या रचनेतूनच येतात आणि कमीअधिक प्रमाणात महागड्या वाद्यांतही आढळतात. तिसरी अंशतः रचनेची आणि अंशतः देखभालीची आहे. चौथी हा वाद्याचा दोषच नव्हे, तो साध्या गणिताचा परिणाम आहे. पण दोष रचनेतला आहे एवढे सांगून वादकाचे काम भागत नाही, कारण उद्या त्याला तोच स्वर वाजवायचा असतो. म्हणून कारणे आणि उपाय दोन्ही सविस्तर लिहितो. पुढे स्वरांची नावे सर्वत्र लिखित आहेत. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर त्याहून एक पूर्ण स्वर खाली असतो.

बासरीवर किंवा सनईवर त्याच बोटांनी वरचा स्वर काढला, तर षड्जाचा तार षड्ज होतो. क्लॅरिनेटवर तसे होत नाही. तिथे मध्य षड्जावरून एकदम तार सप्तकातल्या पंचमावर उडी पडते. याचे कारण असे की क्लॅरिनेटची नळी बहुतांश लांबीत एकसारख्या व्यासाची, साधारण १४.६ ते १५ मिलिमीटरची, असते आणि रीडच्या बाजूला ती ध्वनीच्या दृष्टीने बंद असते. अशा नळीतला हवेचा स्तंभ मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींतच सहज बोलतो. तिप्पट कंपन म्हणजे १९ अर्धस्वरांचे अंतर, आणि सप्तकाच्या १२ अर्धस्वरांऐवजी हे १९ अर्धस्वर खालच्या रजिस्टरमध्ये भरून काढावे लागतात. या वाद्यावर २४ छिद्रे आणि चाव्यांचे एवढे जाळे का आहे, याचे मूळ इथे आहे.

यातून जी गोष्ट निघते ती छिद्राला हात घालण्याआधी मनात पक्की बसली पाहिजे. थ्रोटच्या मोजक्या स्वरांची छिद्रे सोडली, तर क्लॅरिनेटचे कोणतेही छिद्र एकाच स्वराचे नसते. उजव्या हाताच्या ज्या छिद्रातून खालचा सी बोलतो, त्यातूनच वरचा जी बोलतो. डाव्या तर्जनीचे छिद्र खालच्या रजिस्टरमध्ये स्वर ठरवते, मधल्या रजिस्टरमध्येही ठरवते आणि सर्वांत वरच्या आल्टिसिमोमध्ये तेच अर्धवट उघडून दुसऱ्या रजिस्टर छिद्राचे काम करते. एका स्वरासाठी छिद्र कोरले की बाकीचे दोघे आपोआप हलतात, आणि ते आपल्याला हव्या त्या दिशेनेच हलतील याची खात्री नसते.

छिद्राचा स्वर त्याच्या जागेवर आणि आकारावर मिळून ठरतो. माउथपीसच्या दिशेने सरकवलेले छिद्र स्वर चढवते, आणि मोठे केलेले छिद्रही चढवते. म्हणून वर सरकवलेले लहान छिद्र आणि खाली ठेवलेले मोठे छिद्र एकच स्वर देऊ शकतात. मात्र दोघांचा आवाज एकसारखा नसतो. लहान छिद्रातून आवाज कोंडल्यासारखा निघतो, आणि तेच छिद्र वरच्या रजिस्टरमध्ये तुलनेने अधिक उतरते, म्हणून त्याच बोटांच्या खालच्या-वरच्या स्वरांच्या जोडीतले अंतर आकसते. छिद्राची भिंत किती जाड आहे, आतल्या बाजूची कड कोरून रुंद केली आहे का आणि वरचे पॅड किती उघडते, या गोष्टींचाही परिणाम होतो. ढोबळ नियम असा की पॅड छिद्राच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश इतके उघडले पाहिजे. त्याहून कमी उघडले तर छिद्र मोठे असूनही लहान छिद्रासारखे वागते.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी आयुष्याचा मोठा काळ सुषिर वाद्यांच्या अभ्यासात घालवला. उघड्या छिद्रांच्या रांगेबद्दल त्यांनी जे मांडले ते कारागिराला रोज उपयोगी पडते. कमी कंपनांची लाट पहिल्या एक-दोन उघड्या छिद्रांपाशीच परत फिरते; कंपने वाढतील तशी ती रांगेत अधिक खोलवर शिरते; आणि एका मर्यादेपलीकडे, जी क्लॅरिनेटमध्ये सुमारे १५०० हर्ट्झ आहे, ती छिद्रांना न जुमानता पुढे निघून जाते. ही मर्यादा सर्व बोटांच्या रचनांमध्ये साधारण सारखी राहिली तर स्वरांचा पोत एकसारखा वाटतो, आणि एखादेच छिद्र शेजाऱ्यांपेक्षा फार लहान असेल तर तो स्वर रांगेतून वेगळा पडतो. वरच्या स्वरांना पुढची दुसरी-तिसरी छिद्रेही जाणवतात, हेही यातूनच कळते. आल्टिसिमोमधला डी वाजवताना उजव्या करंगळीने ई फ्लॅटची चावी उघडायला शिकवतात ते याचसाठी: ते छिद्र बरेच खाली असले तरी लाट तिथपर्यंत पोहोचते आणि स्वर वर उचलला जातो. खालच्या रजिस्टरमध्ये त्याच बोटांनी ती चावी उघडून पाहा, फरक जवळजवळ ऐकू येणार नाही.

आता रजिस्टर छिद्राकडे येऊ, कारण आपल्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ तिथे आहे. तिप्पट कंपनाचा स्वर स्वच्छ काढायचा असेल, तर छिद्र हवेच्या स्तंभाच्या वरून एक तृतीयांश अंतरावर हवे, कारण त्या स्वरात तिथे दाबाचे चढउतार शून्य असतात आणि तिथे उघडलेल्या छिद्राने त्या स्वराला बाधा येत नाही. आता हिशेब पाहा. खालच्या ई साठी हवेच्या स्तंभाची ध्वनीच्या दृष्टीने लांबी सुमारे ५९० मिलिमीटर येते, म्हणजे रजिस्टर छिद्र माउथपीसच्या टोकापासून साधारण १९७ मिलिमीटरवर हवे. फक्त अंगठ्याच्या बोटाने येणाऱ्या एफ साठी लांबी सुमारे २७९ मिलिमीटर, म्हणजे छिद्र ९३ मिलिमीटरवर हवे, आणि तिथे तर बॅरल असते. दोन टोकांच्या गरजांत दहा सेंटिमीटरचे अंतर आहे आणि छिद्र एकच आहे. ते मध्ये कुठेतरी, बॅरलच्या थोडे खाली, ठेवले जाते. ज्या मोजक्या स्वरांसाठी ती जागा बरोबर असते त्यांची जोडी अचूक जुळते. त्यांच्या दोन्ही बाजूंना जसजसे दूर जावे तसतसा वरचा स्वर थोडा चढतो आणि जोडीतले अंतर रुंदावते. छिद्र जितके मोठे, तितका हा चढ अधिक.

आपला खालचा ई उतरलेला आणि बी ठीक किंवा किंचित चढा, याचे कारण हे आहे. जोडी रुंद आहे हे घडवणाऱ्याला ठाऊक असते. दोन्ही स्वर एकाच वेळी सुरात आणणे त्याच्या हातात नसते. बी आणि सी सतत वाजतात, उघडे पडतात आणि सुरावटीच्या मध्यभागी येतात, तर खालचे ई आणि एफ त्या मानाने कमी वाजतात. म्हणून तो बी-सीला झुकते माप देतो आणि ई-एफचे थोडे उतरणे स्वीकारतो. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे. बेल (खालचे फाकलेले तोंड) किंवा खालचा जॉइंट (वाद्याच्या दोन मुख्य तुकड्यांपैकी खालचा) कापून ई वर आणण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात मानू नये, कारण त्याने बी तितकाच चढेल आणि रोज कानाला टोचेल. काही वाद्यांवर यासाठी खास सोय असते: जर्मन ओएलर पद्धतीच्या वाद्यांवर खालच्या स्वरांसाठी वेगळे सुधारक छिद्र असते, आणि फ्रेंच वाद्यांपैकी बुफे क्रॅम्पों कंपनीच्या टोस्का मॉडेलवर लो एफ सुधारणारी चावी आहे. फ्रेंच घडवणाऱ्यांनी नळीच्या आतल्या व्यासातही फेरफार केले. रॉबेर कारे यांनी १९५० च्या दशकात बुफेसाठी आखलेल्या आर-१३ या मॉडेलमध्ये वरच्या भागात एकापेक्षा अधिक व्यासांचे टप्पे आहेत, आणि जोड्यांमधली रुंदी आवरणे हा त्यामागचा एक हेतू आहे. एवढे करूनही ई-बीची जोडी पूर्ण सरळ होत नाही.

थ्रोट बी फ्लॅटची अडचण अशी की रजिस्टर छिद्रावर या एका स्वराचेही ओझे टाकलेले आहे. बी फ्लॅटला चांगले मोठे आणि बरेच खाली असलेले छिद्र हवे असते. रजिस्टरच्या कामासाठी मात्र छिद्र लहान, सुमारे ३ मिलिमीटरचे, आणि वर हवे असते. त्यात पाणी शिरू नये म्हणून धातूची बारीक नळी बसवलेली असते, आणि तिचे टोक आत नळीच्या पोकळीत थोडे पुढे आलेले असते. एवढ्या अरुंद आणि उंच मार्गाने पूर्ण आवाजाचा स्वर बाहेर पडण्याची अपेक्षा मुळातच जास्त आहे. ही तडजोड नवी नाही. न्युरेम्बर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांनी १७०० च्या सुमारास क्लॅरिनेटला आकार दिला, तेव्हापासून ती चालत आली आहे. १८४४ चे पेटंट घेणारे वादक क्लोझे आणि वाद्य घडवणारे बुफे यांनी चाव्यांची रचना मुळापासून बदलली, तरी हे दुहेरी काम तसेच ठेवले. विसाव्या शतकात बॉस्टन सिंफनीचे रोझारिओ माझ्झेओ आणि अमेरिकेतले विल्यम स्टबिन्स यांनी बी फ्लॅटसाठी वेगळी यंत्रणा काढली. या यंत्रणा चालतात, पण त्यांनी वाद्य गुंतागुंतीचे आणि नाजूक होते, आणि हाताला बसलेली सवय मोडावी लागते. त्यामुळे त्या सार्वत्रिक झाल्या नाहीत. बास क्लॅरिनेटवर मात्र चांगल्या वाद्यांत दोन रजिस्टर छिद्रे असतात आणि ती आपोआप बदलतात.

म्हणून बी फ्लॅट सुधारण्यासाठी रजिस्टर छिद्र मोठे करणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. एक स्वर थोडा मोकळा होईल आणि त्याच्या बदल्यात मधल्या रजिस्टरच्या दोन्ही टोकांचे स्वर चढतील. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात. चावी काढून नळी पाइप क्लीनरने आतून पुसावी. वापरलेल्या वाद्यात तिथे फडक्याचे तंतू आणि वाळलेली लाळ यांचा थर बसलेला हमखास सापडतो, आणि ३ मिलिमीटरच्या छिद्रात पातळ थरानेही मोठा फरक पडतो. मग पॅड किती उघडते ते पाहावे. ते जेमतेम उघडत असेल तर थांब्याचा कॉर्क थोडा पातळ करून घ्यावा. आतून पुसण्याचे फडके ओढताना ते या नळीच्या टोकात अडकते, हेही लक्षात ठेवावे. जोराने ओढू नये.

वादकाकडे आणखी दोन उपाय आहेत. लांब धरायच्या बी फ्लॅटसाठी ए ची चावी आणि उजव्या तर्जनीच्या बाजूच्या चार चाव्यांपैकी वरून दुसरी, अशी जोडी वापरावी. हा बी फ्लॅट खऱ्या मोठ्या छिद्रातून बोलतो आणि शेजारच्या स्वरांइतकाच भरदार असतो. जलद सुरावटीत ही बोटे शक्य नसतील, तर नेहमीच्या बी फ्लॅटबरोबर उजव्या हाताची मधली बोटे आणि कधी डावी अनामिका छिद्रांवर ठेवून पाहावीत. खालची छिद्रे बंद झाल्याने स्वर किंचित उतरतो आणि त्याला बूड मिळते. नेमकी कोणती बोटे, हे प्रत्येक वाद्यावर वेगळे असते. पाच-सहा रचना करून पाहून आपली ठरवावी. यात एक फायदा असाही आहे की बी फ्लॅटवरून वरच्या बी वर जाताना अर्धी बोटे आधीच जागेवर असतात.

हिंदुस्थानी संगीत वाजवणाऱ्यांनी याच्या जोडीला एक गोष्ट आधीच ठरवावी, आणि ती म्हणजे षड्ज कुठे धरायचा. हार्मोनियमची काळी एक हा षड्ज मानला तर बी फ्लॅट क्लॅरिनेटवर तो लिखित ई फ्लॅट होतो, आणि त्याचा पंचम नेमका थ्रोट बी फ्लॅटवर येतो. ज्या स्वरावर रागात वारंवार विसावायचे, तोच वाद्याचा सर्वांत दुबळा स्वर ठरतो. पांढऱ्या एकवर पंचम थ्रोट ए वर येतो, तोही फारसा सुखाचा नाही. काळी दोन धरली तर षड्ज एफ वर आणि पंचम वरच्या सी वर जातो. षड्ज मोकळा बोलतो आणि पंचमाला जवळजवळ पूर्ण नळीची भर मिळते. त्यात षड्जाकडून पंचमाकडे जाताना रजिस्टर बदलते, पण रियाजाने तो जोड मिटवता येतो. दबलेला बी फ्लॅट रियाजाने मोठा होत नाही. शिवाय थ्रोटचे जी शार्प, ए आणि बी फ्लॅट हे पॅडने उघडणारे स्वर आहेत. उघड्या छिद्रावर बोट हळूहळू सरकवून काढतात तशी मींड तिथे येत नाही. साथीच्या गायकाचा षड्ज आपल्या हातात नसतो हे खरे, पण एकल वादनात ही निवड आपली असते.

सी शार्प आणि जी शार्प यांची गोष्ट वेगळी आहे. डाव्या करंगळीच्या त्या चावीचे छिद्र जिथे पडायला हवे, तिथे दोन जॉइंट एकमेकांत बसतात. खोबणीतून छिद्र पाडणे कठीण, म्हणून ते वर सरकवून लहान करतात. आवाज कोंदट होतो तो यामुळे. काही वाद्यांत जोडातूनच छिद्र नेलेले असते, पण तिथे जॉइंट किंचित फिरला तरी गळती होते. आपल्या वाद्यात हे छिद्र नेहमीच्या जागी असेल, तर सुधारणेला जागा थोडीच आहे: पॅड पुरेसे उघडते का ते पाहावे, आणि जुने फुगलेले चामड्याचे पॅड असेल तर तिथे कॉर्कचे सपाट पॅड बसवून घ्यावे. फुगलेले पॅड छिद्राच्या तोंडात शिरून बसते आणि उघडले तरी वाट अडवते. हे छिद्र लहान असल्याने त्यात पाणीही चटकन साठते.

बॅरलचा मुद्दा मी सविस्तर सांगतो, कारण यात वाद्याला विनाकारण दोष दिला जातो. बॅरल एक मिलिमीटर ओढली की प्रत्येक स्वराच्या स्तंभात एकच मिलिमीटर वाढतो. पण २४८ मिलिमीटरच्या स्तंभात आणि ५९० मिलिमीटरच्या स्तंभात त्याचे वजन सारखे नसते. थ्रोट जी सुमारे ७ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो, थ्रोट बी फ्लॅट ८ सेंटपेक्षा थोडा अधिक, आणि खालचा ई व त्याच्या बोटांचा बी जेमतेम ३ सेंटने. आता आपण ३ मिलिमीटर ओढले असे धरा. बी फ्लॅट सुमारे २५ सेंटने खाली गेला आणि त्याच्या लगतचा बी फक्त ९ सेंटने. दोघांमधला अर्धस्वर १६ सेंटने रुंद झाला, आणि हे अंतर कोणत्याही कानाला कळते. त्यात भर म्हणजे, ओढल्यावर बॅरलच्या आत मुख्य पोकळीपेक्षा बरीच रुंद अशी एक खोबण तयार होते आणि तिचा उपद्रवही सर्वांत जास्त थ्रोटच्या स्वरांना होतो.

यावर उपाय असा की बॅरल एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त ओढू नये आणि उरलेली लांबी मधल्या जोडावर द्यावी. मधला जोड ओढल्याने उजव्या हाताचे स्वर दोन्ही रजिस्टरमध्ये उतरतात आणि थ्रोटला धक्का लागत नाही. दोन जॉइंटमधली पुलाची चावी मात्र जागेवर जुळते आहे ना हे तपासावे. बी फारच चढा वाटत असेल तर बेल किंचित ओढता येते; पण त्याने खालचा ई आणखी उतरतो, हे आधीच समजून करावे. आपल्याला दर वेळी तितकेच उतरावे लागत असेल तर एक मिलिमीटर लांब बॅरल घ्यावी. ६४ ते ६७ मिलिमीटरच्या बॅरली सहज मिळतात. लांब बॅरल थ्रोटला तितकीच जास्त उतरवते, हे गणित तिलाही चुकत नाही, पण खोबण तरी राहत नाही. तात्पुरती सोय म्हणून खोबण भरणाऱ्या कड्या मिळतात. आणि हार्मोनियमचा प्रत्यक्ष ऐकू येणारा ए ४४० हर्ट्झला आहे का, हेही पाहावे. जुन्या पेट्या बऱ्याचदा नसतात, आणि फ्रेंच क्लॅरिनेटे बहुधा ४४० ते ४४२ ला धरून केलेली असतात. फरक फार मोठा असेल तर पेटी जुळवून घेणे सोपे. क्लॅरिनेट २० सेंट खाली ओढून त्याचे स्वर आपापसांत जुळलेले राहतील ही आशा धरू नये.

तापमानाचाही हिशेब धरावा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की आवाजाचा वेग वाढून स्वर सुमारे ३ सेंटने चढतो. वाजवताना वरचा भाग श्वासाने ऊबदार राहतो, खालचा भाग खोलीच्या हवेशी जुळवून घेतो. म्हणून डिसेंबरच्या पहाटे थंड मांडवात खालचे ई-एफ नेहमीपेक्षा जास्त उतरतात, आणि मे महिन्यातल्या दुपारी तेच बरे वाटतात. ट्यूनरवर मोजायचे असेल तर वाद्य निदान पंधरा मिनिटे वाजवून मगच मोजावे, आणि खोलीचे तापमान सोबत लिहावे.

मोजण्याची पद्धत योग्य असेल तर निम्मे निदान तिथेच होते. सुटे स्वर मोजू नयेत; जोड्या मोजाव्यात. खालचा ई आणि बी, एफ आणि सी, एफ शार्प आणि सी शार्प, याप्रमाणे वरपर्यंत. स्वर आधी काट्याकडे न पाहता सरळ फुंकावा, स्थिर झाला की मग काटा पाहावा. नाहीतर ओठ नकळत स्वर दुरुस्त करतात आणि आकडा खोटा येतो. जोडीतले दोन्ही स्वर एकाच दिशेने चुकत असतील तर दोष छिद्राचा, पॅडच्या उंचीचा किंवा साचलेल्या मळाचा आहे. एकच स्वर चुकत असेल तर तो रजिस्टर छिद्राच्या जागेचा किंवा नळीच्या आतल्या आकाराचा परिणाम आहे, आणि त्याला छिद्र कोरून उपाय होत नाही. आपल्या एफचे उदाहरण घ्या. खालचा एफ आणि वरचा सी हे दोन्ही सर्वांत खालच्या मोठ्या पॅडखालून बोलतात. दोन्ही उतरले असते तर मी पॅड वर उचलून घ्यायला सांगितले असते. आपल्याकडे फक्त एफ उतरतो, सी ठीक आहे; तेव्हा पॅड उचलला तर एफ थोडा सुधारेल आणि सी बिघडेल. पॅडची उंची नेहमीइतकी असल्याची खात्री करावी आणि तिथे थांबावे.

मोजणीच्याही आधी गळती तपासावी, कारण गळणारे वाद्य चुकीच्या छिद्रांच्या वाद्यासारखेच वागते. वरचा जॉइंट सुटा करून सर्व छिद्रे डाव्या हाताने झाकावीत, खालचे तोंड तळहाताने बंद करावे आणि वरून हवा ओढून घ्यावी. ओढलेली पोकळी दोन-तीन सेकंद टिकली आणि तोंड काढताना टच असा आवाज आला, तर जॉइंट चांगला आहे. लगेच सुटली, तर सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी एकेका पॅडखाली धरून, चावी बंद करून हलकेच ओढावी. जिथे पट्टी सहज निसटते तिथे पॅड बसत नाही. जी शार्प आणि ए यांच्या चाव्यांमधला बारीक स्क्रू जास्त आवळला गेला असेल तर तिथले पॅड केसभर उघडे राहते, आणि त्याच्या खालचे सगळे स्वर कमजोर होतात. खालच्या जॉइंटवर ई-बी आणि एफ-सी यांची पॅडे एकाच वेळी बंद झाली पाहिजेत. करंगळीने एक चावी दाबली की दुसरीला ओढणारा जो पंजाच्या आकाराचा सांधा आहे, तो जरा वाकला तरी थ्रोटवरून वरच्या बी वर जाताना स्वर फुटतो, आणि बहुतेक विद्यार्थी त्याचे खापर स्वतःच्या बोटांवर फोडतात.

छिद्रांतला मळ हा वापरलेल्या वाद्याचा हमखास दोष आहे. तेल, धूळ आणि बोटांचा घाम मिळून छिद्राच्या आतल्या कडेला एक काळसर कडे तयार होते; व्यास त्यामुळे खरोखर कमी होतो आणि स्वर उतरतो. ते कोरड्या लाकडी काडीने किंवा कापसाने काढावे, धातूची सुई वापरू नये, कारण आतली कोरलेली कड हाच त्या स्वराचा आकार आहे.

तरीही एखादे छिद्र खरोखर दुरुस्त करावे लागते. स्वर दोन्ही रजिस्टरमध्ये चढा असेल, तर छिद्राच्या माउथपीसकडील अर्ध्या भागात लाखेचा किंवा रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर देतात. स्वर उतरतो, आणि नको वाटल्यास थर खरवडून काढता येतो. स्वर दोन्ही रजिस्टरमध्ये उतरलेला असेल आणि मळ, पॅड व गळती यांपैकी काहीच कारण नसेल, तरच आतली कड कोरण्याचा विचार करावा. काढलेले लाकूड परत बसवता येत नाही, आणि कोरणारा माणूस बँडच्या साध्या दुरुस्तीत तरबेज असला तरी हे काम त्याने आधी केलेले आहे का, हे विचारून घ्यावे.

आपल्या वाद्यासाठी माझा सल्ला असा आहे. आधी साफसफाई आणि गळतीचे काम करून घ्यावे, रजिस्टरची नळी आणि सी शार्पचे पॅड यांवर विशेष लक्ष द्यावे, बॅरलची ओढ दोन जोडांवर वाटून घ्यावी, आणि मग जोड्यांचा तक्ता दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी भरावा. त्या तक्त्यात ई-बी आणि एफ-सी वगळता एखादी जोडी दोन्ही अंगांनी १० सेंटपेक्षा जास्त एकाच दिशेला झुकलेली दिसली, तर फक्त त्या एका छिद्राबद्दल कारागिराशी बोलावे. खालचा एफ लांब धरायचा प्रसंग आला तर ओठ किंचित घट्ट आणि श्वास जरा हलका ठेवावा, कारण शालुमो, म्हणजे सर्वांत खालच्या, रजिस्टरमध्ये जोरात फुंकल्याने स्वर उतरतो. तेवढ्याने पाच-सहा सेंट भरून निघतात.